भुऱ्या कोरडी भाकर खात नाही

आमच्या घरी आले तं आंगणात पाय टाकायच्या आधी नाकाले पदर लावा, आताच सांगून ठेवते. तो वास गोठ्याचा नाई अन् उकिरड्याचाही नाई. तो भुऱ्याच्या तोंडाचा हाये. कणगीखाली घूस मरून आठ दिवस पडावी अन् मंग कोणी कणगी उचलावी, तसा. अन् त्या तोंडापुढं आमच्या घरातल्या शहाण्या लोकायनं महिनाभर हात जोडले, तुपाच्या वाट्या धरल्या, कबुल्या दिल्या. थू!

भुऱ्या म्हणजे माह्या सासऱ्याचा कुत्रा. सासरे, नत्थुजीबुवा, यंदा चैतात वारले. बुढा तोंडाचा फटकळ होता, पण पोटात काई नाई. वावरातून आला की वसरीवर बसे, अर्धी भाकर सोता खाय अन् अर्धी भुऱ्याले टाके. कोरडी. तिच्यावर ना तेल, ना दूध. कुत्रं कडाकडा चावून खाय अन् बुढ्याच्या पायाशी पडून राहे. दहा वर्सं हेच चाललं, कोणाले त्यात काई नवल वाटलं नाई.

मी जयवंता, त्यायची धाकली सून. माहा नवरा सहा वर्सांखाली पटकीत गेला. पदरात एकच पोट्टी, सुभद्रा, आता नऊ वर्सांची. सासऱ्यानं मले कधी कोपऱ्यात बसवलं नाई. पोट्टीले खांद्यावर घेऊन चांदूर बाजाराले न्याचा, येतानी तिच्या हातात शेव-मुरमुऱ्याची पुडी. तो होता तोवर माहं बरं चाललं होतं. तो गेल्यावर घराचे मालक झाले भासरे. पंजाबराव त्यायचं नाव, माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्याकडं भासऱ्यापुढं भावजय बोलत नाई. पदर नाकापर्यंत ओढायचा अन् काई सांगायचं असलं तं जावेच्या तोंडून सांगायचं. माही जाऊ माणिकबाई, बाई मनाची चांगली, पण नवऱ्यापुढं तिचा आवाज म्हणजे मांजरीच्या पिलाचा.

त्यात हे कापसाचे दिवस. समुद्रापलीकडं कोण्या मुलखात लोक आपसात लढून रायले म्हणे, तिकडचा कापूस बंद झाला, अन् इकडं आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाले गिऱ्हाईक धावत आलं. अमरावतीच्या बाजारात बैलबंड्या उभ्या करायले जागा नाई. भासऱ्यायच्या डोक्यावर जरीचा फेटा चढला, बैलायच्या शिंगाले पितळी शेंब्या आल्या, अन् जो माणूस कालपर्यंत ठेच्यासंगं भाकर खाऊन ढेकर देत होता त्याले आता जेवणानंतर पानाचा इडा पाहिजे. पैसा आला की माणसाले अक्कलही आली असं वाटते. तिथंच सगळं नासते.

आता दहाव्याचं सांगते. बायका नदीवर जात नाईत, पण घरी आल्यावर जो तो तेच सांगत होता. पिंड ठेवला, दुपार कलली, कावळा शिवेना. झाडावर चार कावळे बसलेले, खाली एकही उतरेना. तुमाले माहीतच हाये, अशा वक्ती घरच्यायनं हात जोडून मेलेल्याची इच्छा पुरी करायचं कबूल करा लागते. भासरे म्हणाले, "बाबा, वावर नीट करीन." नाई. "बाबा, धाकलीले अन् पोट्टीले अंतर देणार नाई." नाई. मंग कोणीतरी मागून म्हणलं, "अरे, त्याच्या कुत्र्याचं बोल." भासरे म्हणाले, "बाबा, भुऱ्याले तुमच्यासारखाच सांभाळीन." अन् कावळा खाली आला. आला असन भुकेनं, चार तास बसून त्याचाही जीव कंटाळला असन. पण आमच्या भासऱ्यायच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं, की बुढ्याचा जीव भुऱ्यात अडकला हाये.

तरी पोळ्यापर्यंत सारं ठीक होतं. मी रोज शेवटची भाकर भुऱ्याले टाको, तो खाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टाकली, तं त्यानं हुंगली, जिभेनं चाटली, तोंडात घेतली अन् टाकून देली. मले वाटलं पोट भरलं असन. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तं भाकर पाहूनच मान फिरवली. भाकरीवर ही लाळ, पिवळी, तारेवानी लोंबणारी. ती भाकर उचलून उकिरड्यावर नेऊन टाकायचं कामही माह्याच नशिबी.

भासऱ्यायनं पायलं. वसरीवर उभे राहून पायलं अन् डोळे मोठे केले. "बाबा रुसले!" म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात तमाशा सुरू झाला. तिन्ही सांजेले भासरे अन् माणिकबाई कुत्र्यापुढं हात जोडून उभे. सासऱ्याची काशाची थाळी काढली, जिच्यात मी त्यायले जेवू घालत होती ती, अन् तिच्यात कुत्र्याले दूधभात, वरून तूप. मले घरात तूप वाढतानी जो हात आखडत होता, तो कुत्र्याच्या थाळीत सैल सुटला. "बाबा, काय पाहिजे ते सांगा," भासरे म्हणत. "वसरीवर गादी-लोड घालू का?" भुऱ्या दूधभात चाटे. "घाला म्हणले बाबा!" दुसऱ्या दिवशी वसरीवर गादी. आता बुढा जन्मभर घोंगडीवर बसला, त्याले गादी काहाले पाहिजे होती? गादी पाहिजे होती ती यायले. पण कोणी विचारलं तं म्हणायचं, बाबायची इच्छा.

असंच मंग बैलाच्या दमणीले नवा रंग झाला, बाबायची इच्छा. पडवीत पितळी पिकदाणी आली, बाबायची इच्छा. अन् बुढ्यानं जन्मात पान खाल्लं नव्हतं! मी चुलीपुढं बसून दात खात होती. ज्याले जे पाहिजे ते त्यानं कुत्र्याच्या कानात सांगायचं, पुढं मऊ गोड काई ठेवायचं, अन् कुत्र्यानं चाटलं की बुढ्यानं हो म्हणलं. एखाद वेळी चाटलं नाई तं थोडं तूप वाढवायचं. जन्म देणाऱ्या बापाची अशी थट्टा मी दुसरीकडं नाई पायली, अन् पाहूही नये कोणी.

अन् दूधभाताच्या आधी कोरडी भाकर तं रोज ठेवतच होते. ती भुऱ्या खाईना. ती खात नाई म्हणजे बाबायच्या मनात अजून काईतरी रायलं हाये, असं भासरे म्हणत.

ते काय रायलं होतं ते पितृपक्ष लागल्यावर बाहेर निघालं.

आकोल्यात शेषराव म्हणून एक हाये. आपल्यातलाच, पण शेती सोडून आता आडत करते. सरकी काढायच्या रेच्यांवर त्याच्याकडं पन्नास बाया बसतात म्हणे. वय पंचेचाळीस. दोन बायका मसणात पोचवल्या, आता तिसरी पायजे. बुढा जिवंत होता तेव्हा त्यानं सुभद्रेसाठी निरोप धाडला होता. बुढा वसरीवरून उठला नाई, फक्त म्हणला, "त्याले सांगा, माही नात नऊ वर्साची हाये, त्याचे उरलेले दातही तितके नसतीन." निरोप आणणारा खाली मान घालून गेला. मी आतून ऐकलं होतं. त्या दिवशी मी बुढ्याले दोन पोळ्या जास्त वाढल्या.

आता बुढा नाई. अन् भासऱ्यायले शेषरावाशी सोयरीक पायजे, कारण ह्या वर्साचा आमचा सगळा कापूस त्याच्या आडतीतून निंघन अन् हे त्याच्या मांडीले मांडी लावून गादीवर बसतीन. मी विचार करते, तं ती वसरीवरची गादीही त्याचीच तालीम होती.

बुढ्याच्या तिथीले भासऱ्यायनं खीर करायले सांगतली. घट्ट, बदाम घातलेली. थाळी भुऱ्यापुढं ठेवली, चार शेजारी बोलावले, अन् हात जोडून म्हणाले, "बाबा, सुभद्रेचं शेषरावाशी जमवतो. तुमचा रोष आता सोडा." भुऱ्यानं खीर चाटली. चाटन नाई तं काय करन? चपचप चाटली, लाळ गाळत, अर्धी थाळीत, अर्धी जमिनीवर. अन् भासरे रडायले लागले. खरंच डोळ्यातून पाणी! "बाबा राजी झाले," म्हणाले.

अन् ते तेवढ्यावर थांबले नाईत. त्यायनं सुभद्रेले हाक मारली. थाळीत कुत्र्याचं उष्टं उरलं होतं, वर लाळेचा फेस. त्यात बोट बुडवून म्हणाले, "आजोबाचा परसाद हाये बाई, जिभेवर घे." पोट्टीनं माह्याकडं पायलं. मी दाराआड, पदर नाकावर, तोंडाले कुलूप. शेजारचे चार माणसं पाहून रायले. तिनं जीभ बाहेर काढली. माह्या पोट्टीनं, आपल्या मोठेबाबाचा, म्हणजे भासऱ्यायचा, मान ठेवून, कुत्र्याची लाळ चाटली.

मागच्या दारी येऊन ती ओकली. मी राखेनं तिची जीभ घासली, चूळ भरवली, पुन्हा घासली. तिच्या तोंडाले तोच वास येत रायला, मले तरी येत रायला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी मनात म्हणली, या घरात आता जो मुका राहीन त्याच्या तोंडात हे लोक काईही घालतीन.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं वावरात गेली, तशी मी गोठ्यात गेली. भुऱ्या गव्हाणीखाली पडला होता. त्याच्यावर राग काढावा, एक लाथ घालावी, म्हणूनच गेली होती, खोटं काहाले सांगू. पाय उचलला तं त्यानं मान वर केली, अन् मले दिसलं, त्याचा एका अंगाचा गाल सुजला हाये. माशा बसलेल्या. मी खाली बसली. नाकाले पदर गच्च बांधला, अन् त्याचा ओठ वर केला.

माय वं! तिथं दाढ नव्हतीच, काळा कुजका खुंट होता. भोवती हिरडी निळी पडलेली, अन् बोटानं जरासं दाबलं तं पू आला. हिरवट. माह्या बोटावरून मनगटापर्यंत ओघळला. मी तिथंच बाजूले तोंड करून ओकली. भुऱ्या केकाटला नाई. नुसता थरथरला, अन् माहं ओकून झाल्यावर माहा हात चाटायले लागला.

म्हणजे रुसवा नाई, इच्छा नाई, बुढा नाई अन् बुढ्याचा जीवही नाई. कुत्र्याची दाढ सडली होती, म्हणून त्याले कोरडी भाकर चावत नव्हती. मऊ असलं की गिळे. एवढंच. महिनाभर पाच-पंचवीस लोक त्या तोंडापुढं उभे रायले, वास सगळ्यायले आला, पण ओठ उचलून पाहायचं एकाच्याही मनात आलं नाई. कुत्र्याच्या तोंडाले हात लावन कोण? विटाळ होते ना! त्याच्या पाया पडायले विटाळ होत नाई.

मी हात घासून माणिकबाईले सांगतलं. तिनं येऊन पायलं, तिचंही तोंड वाकडं झालं. संध्याकाळी तिनं भासऱ्यायले वाढतानी सांगतलं, "अवो, भुऱ्याची दाढ सडली हाये. म्हणून तो कोरडं खात नाई. तुमी एकदा पाहून तं घ्या."

भासरे घास चावत चावत म्हणाले, "दाढ कुत्र्याची हाये. भूक बाबायची हाये. तुमा बायकायले यातलं काय समजते?" अन् कढी वाढायले सांगतली.

मी चुलीपाशी ऐकत होती. त्या वक्ती मले समजलं, की खरं सांगून माही पोट्टी वाचत नाई. यायले खरं नकोच हाये. यायले कुत्रं पाहिजे. मंग ठीक हाये, मी म्हणलं, कुत्रंच घ्या.

सर्वपित्रीले शेषराव आकोल्याहून येणार होता. पितर म्हणून त्यालेच पाटावर बसवायचं, सासऱ्याच्या जागी, असं भासऱ्यायनं ठरवलं होतं. ज्या बुढ्यानं याचा निरोप दारातून परत धाडला त्याच्याच नावानं याले वडे वाढायचे! पितृपक्षात सोयरीक होत नाई, पण शब्द पक्का करायचा अन् दसऱ्याले कुंकू लावायचं, असा बेत. मी माणिकबाईले धरलं. म्हणलं, "बाई, एवढं त्यायच्या कानावर घाल. मामाजी भुऱ्याले कोरडीच भाकर टाकत होते. तुमी खीर-तूप दाखवून त्याच्याकडून हो घेतलं, ते उद्या गाव काय म्हणन? लाच देऊन घेतलं म्हणन. मामाजी खरंच राजी असतीन तं पाहुण्यादेखत कोरडी भाकर खातीन. मंग कोणाले बोलायले जागा नाई."

माणिकबाईनं माह्याकडं टक लावून पायलं. "तो नाई खाणार ना वं?" तिनं हळूच विचारलं.

"तू फक्त सांग," मी म्हणली.

तिनं सांगतलं, अन् भासऱ्यायले ते एकदम पटलं. खीर चाटल्यापासून त्यायची खात्रीच झाली होती, की बुढा आता राजी हाये, भुऱ्या आता काईही खाईन. उलट त्यायनं गावचे पाटील जानराव यायलेही बोलावलं, सगळ्यायसमोर होऊ दे म्हणले. भाकर करायचं काम माह्याकडं. मी दोन दिवस आधीच केली, जाड थापली, तव्यावर करपेपर्यंत ठेवली, अन् छपरावर उन्हात वाळवली. ठोकली तं लाकडाचा आवाज येत होता.

शेषराव आला. पोट पुढं, पांढऱ्या कल्ल्यायले कलप लावलेला, अन् पानानं काळं पडलेलं तोंड. पाटावर बसला. वडा त्याले चावेना, कढीत बुडवून बुडवून खात होता. सुभद्रेले पाणी वाढायले पाठवलं, तं तिच्याकडं पाहून हसला, अन् ओठाच्या कोपऱ्यातून कढीचा ओघळ आला. मी दाराआडून ते पायलं.

जेवणं अर्धी झाली अन् भासऱ्यायनं भुऱ्याले आणलं. पाटील जानराव, शेजारी, पाहुण्यायसंगं आलेले दोघं, सगळे पाहून रायले. भासऱ्यायनं भाकर भुऱ्यापुढं ठेवली, हात जोडले. "बाबा, सुभद्रा शेषरावाले देतो. राजी असान तं घास घ्या."

भुऱ्यानं हुंगली. भूक होतीच त्याले, मी सकाळपासून काई देलं नव्हतं. हो, उपाशी ठेवलं मी त्याले. त्यानं भाकर तोंडात धरली, दात लावला, अन् असा केकाटला की पाटावरचे माणसं दचकले. भाकर टाकली. भाकरीवर रक्त. शेपूट पायात घालून भिंतीशी जाऊन ओरडत रायला.

शेषरावाच्या तोंडात घास तसाच. भासऱ्यायचा चेहरा उतरला. "बाबा, पार बांधतो तुमच्या नावानं," ते म्हणाले अन् भाकर पुन्हा पुढं सरकवली. भुऱ्या मागं सरला. "बाबा, भंडारा घालतो." भुऱ्यानं दात दाखवले. पाटील जानराव म्हणाले, "पंजाबराव, म्हाताऱ्याच्या मनात नाई दिसत हे. जिवंतपणीही नव्हतं, मले माहीत हाये."

मी बाहेर आली. पदर नाकापर्यंत, हातात सासऱ्याची काशाची थाळी. थाळीत भाकर, कोमट दुधात चुरून पार मऊ केलेली. मी भासऱ्यायशी बोलली नाई, रीत मोडली नाई मी. मी कुत्र्याशी बोलली. त्याच्यापुढं जमिनीवर बसली, त्या घाणीत, त्या रक्तात, अन् जमिनीले डोकं टेकवलं. त्याच्या तोंडाचा वास सरळ माह्या तोंडावर आला. श्वास रोखून धरला.

"मामाजी," मी म्हणली, सगळ्यायले ऐकू जाईन असं, "सुभद्रा तुमच्याच घरात राहीन. ती मोठी झाल्याशिवाय तिच्या लग्नाचं नाव निंघणार नाई. अन् बिजवराले तं कधीच देणार नाई. हे कबूल असन तं माह्या हातचं खा."

भुऱ्या भिंतीपासून सरकत सरकत आला. थाळीत तोंड घातलं. सगळं खाल्लं, थाळी पुसून काढली, अन् मंग माहा हात, माहं मनगट, पदराचं टोक, सारं चाटलं.

"घ्या," पाटील म्हणाले. "म्हाताऱ्यानं सांगतलं." अन् उठून थाळीले हात लावून कपाळाले लावला. त्यायचं पाहून शेजाऱ्यायनंही लावला. एकजण तं मले वाकून नमस्कार करायले लागला, मी पाय ओढून घेतले.

भासरे माह्याकडं पाहून रायले. त्यायले दिसत होतं की भाकर मऊ होती. पण बोलतीन कसे? महिनाभर यायनंच मऊ घालून बापाकडून गादी घेतली, पिकदाणी घेतली, दमणीचा रंग घेतला. मऊ खाल्लेलं खोटं म्हणलं तं ते सगळंच खोटं. शेषरावानं आचवलं, बैल जुंपायले सांगतले, अन् इडाही न घेता आकोल्याच्या वाटेले लागला.

गावात माहा मान वाढला. बाया येतात, म्हणतात, जयवंताबाई, मामाजीले आमचंही विचार. मी म्हणते, घरी जा. मले लोकायचा कंटाळा आला हाये, अन् सगळ्यात जास्त माहा. कारण मीही त्यायच्यातलीच झाली. ज्या बुढ्यानं मले लेकीवानी ठेवलं, त्याच्या नावानं मी कुत्र्याच्या तोंडून खोटं बोलली.

पण भासरे इसरले नाईत. ते रोज सकाळी सोता भुऱ्यापुढं कोरड्या भाकरीचा तुकडा टाकतात अन् पाहत उभे राहतात. तो खात नाई, तोवर ते गप्प. ज्या दिवशी खाईन त्या दिवशी म्हणतीन, बाबायचं मन फिरलं. आकोल्याचा निरोप अजून बंद नाई झाला, माणिकबाईनं सांगतलं मले. शेषराव म्हणे वाट पाहायले तयार हाये.

काल नालबंद आला होता. कापसाच्या बंड्या आता निघतीन, म्हणून बैलायले नाल ठोकायले. त्यानं भुऱ्याले पायलं अन् मनानंच म्हणला, "बाई, या जनावराची दाढ सडली हाये. लय हाल हायेत याचे. चिमटा हाये माह्याजवळ, एका झटक्यात काढतो. उद्यापासून दगड चावन हा." त्यानं चिमटा काढला सुद्धा. अन् भुऱ्या, मी डोक्यावर हात ठेवला तसा, माह्या मांडीवर मान टाकून निजला. तोंड उघडं. तो वास. गाल आता डोळ्यापर्यंत सुजला हाये, एक डोळा उघडतही नाई.

सुभद्रा बाजूले बसली होती. "माय, याले लय दुखत असन ना वं?"

"दुखते," मी म्हणली.

"मंग काढ म्हण ना त्याले. काहून नाई काढत?"

नालबंद चिमटा धरून माह्याकडं पाहत होता. मी पोट्टीच्या तोंडाकडं पायलं, कुत्र्याच्या तोंडाकडं पायलं. माही मलेच शिसारी आली.

"तू मोठी झाली की काढू," मी म्हणली, अन् नालबंदाले सांगतलं, बैल तिकडं गोठ्यामागं बांधले हायेत, जा.